खेड्यातल्या घरात चालणार नसेल, तर खोक्यावर तसं छापा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: वॉरंटीत असलेले पॅनेल लाईट आणि अंगणातले बल्कहेड (बाहेरच्या भिंतीवर लावायचे बंद काचेचे लाईट) बदलून न दिल्याबद्दल, आणि तुमच्या हेल्पलाईनवर मिळालेल्या उत्तराबद्दल.

काल दुपारी तुमच्या हेल्पलाईनवरच्या माणसाशी जे बोलणं झालं, त्यानंतर पुन्हा फोन करण्यात अर्थ उरला नाही. म्हणून लेखी देते आहे. बिलाची झेरॉक्स, वॉरंटी कार्डं, खोक्यांवरचा छापील मजकूर कापून काढलेले तुकडे आणि बंद पडलेल्या लाईटांचे फोटो सोबत आहेत. तक्रार क्रमांक बिलाच्या झेरॉक्सवरच वर लिहिले आहेत. तुमच्याकडे दर फोनला नवा क्रमांक मिळतो आणि जुन्याचं काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही.

माल कोणता ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तुमचेच 15 वॅटचे गोल सरफेस पॅनेल, 4000 केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर), ज्यावर सीआरआय 90 (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, जास्तीत जास्त 100) छापलं आहे. ओसरीत आणि देवघरात त्याच मालिकेतले 6 वॅटचे, 3000 केल्विनचे. बाहेर गेटला आणि गोठ्याकडच्या भिंतीला बल्कहेड, आयपी 65 छापलेले. सगळ्यांवर दोन वर्षांची वॉरंटी. बिल पक्कं आहे, त्यात 18 टक्के जीएसटी लावलेला आहे. मे महिन्यात वास्तू झाली, त्याच्या आधी घेतले. पैसे कापसाच्या चुकाऱ्याचे होते.

हे लाईट मी नुसते दिसायला छान म्हणून उचलले नाहीत. मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत नऊवारीसुद्धा. आमच्या आणि आसपासच्या गावांतून कापड येतं. दुकानदार 6500 केल्विनचा पांढराशुभ्र लाईट दाखवत होता, गावाकडे तोच खपतो म्हणाला. मी नको म्हटलं, कारण त्याच्याखाली मोतिया कापड निळसर दिसतं आणि बाई दिवसा उजेडात ब्लाऊज नेसत्या साडीला लावून बघते तेव्हा अस्तर वेगळंच निघतं. म्हणून 4000 चा घेतला. म्हणूनच सीआरआय 90 चा घेतला, 80 वाल्यापेक्षा बरेच जास्त पैसे देऊन. बाहेरचे मुद्दाम पिवळसर मागवले, कारण पावसाळ्यात पांढऱ्या लाईटवर पाखरं, चिलटं जास्त जमतात. खोक्यावरची प्रत्येक ओळ वाचून घेतलेला माल आहे. आता तुम्ही त्याच ओळी मानायला तयार नाही.

सुरुवातीपासून सांगते. मशीनवरच्या पॅनेलखाली मरून आणि तपकिरी रीळ सारखंच दिसतं. ओसरीच्या दारात नेलं की दोन्ही वेगळे. एका गिऱ्हाइकाच्या डाळिंबी शालूच्या ब्लाऊजला मी रात्री तपकिरी टीप घातली आणि सकाळी सगळी उसवली. हे 90 सीआरआय कसलं? माझ्या पुतण्यानं आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केला आहे, त्यानं मला समजावून सांगितलं की सीआरआय ज्या आठ रंगांच्या सरासरीवर काढतात त्यात गडद लाल धरतच नाहीत, तो आर 9 म्हणून वेगळा मोजतात. मी तुमच्या हेल्पलाईनला या पॅनेलचा आर 9 किती ते विचारलं. "तसा कोणता मॉडेल नंबर आपल्याकडे नाही, मॅडम," असं उत्तर आलं. तुमच्याच मालाचा आकडा आहे तो. तुम्हाला माहीत असणारच. मला लेखी कळवा.

दुसरं म्हणजे लाईटाची थरथर. डोळ्याला दिसत नाही, पण मोबाईलचा कॅमेरा लाईटाकडे धरला की आडवे पट्टे सरकताना स्पष्ट दिसतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं लाईटातलं सर्किट, हलका असला की उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. माझ्या मशीनला मोटर आहे. अशा लाईटाखाली फिरतं हातचाक मध्येच थांबल्यासारखं दिसतं. सुईशेजारी माझं बोट असतं. गोल पॅनेलला "डोळ्यांना आरामदायी" असं हिरव्या अक्षरात छापलंय तुम्ही.

हे सगळं सहन करून मी वापरत होते. मग आषाढात झड लागली आणि एकेक करून लाईट जायला लागले. आधी स्वयंपाकघरातला, मग मशीनवरचा, मग ओसरीतला. पुतण्यानं उतरवून बघितलं. एलईडीची पट्टी शाबूत, ड्रायव्हर मेलेला, त्यातला कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फुगलेला. गोठ्याकडच्या बल्कहेडमध्ये पाणी आणि मेलेली पाखरं, काचेच्या तळाशी बोटभर थर. ज्या वस्तूत चिलट शिरतं तिच्यावर आयपी 65 कसं छापता? त्यातला 6 हा आकडा धूळसुद्धा आत जाणार नाही असं सांगतो आणि 5 म्हणजे पाण्याचा फवारा चालेल. आमच्याकडे फवारा नव्हता, नुसता पाऊस होता.

आता कालच्या फोनचं. हा फोन तुम्ही रेकॉर्ड करता असं तुमचंच यंत्र सुरुवातीला सांगतं, तेव्हा ऐकून बघा.

नेटवर्क मिळावं म्हणून मी गच्चीवर जाऊन फोन लावला. मराठीसाठीचं बटण दाबलं. संगीत ऐकवून ऐकवून एक माणूस आला. मी तक्रार क्रमांक सांगितला. त्यानं तो बघितलाच नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाला. मी सांगितलं. त्यानं पत्ता विचारला. तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे गाव आहे का?" मी म्हटलं, हो, गाव आहे. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, "घर पक्कं आहे की कुडाचं?"

मी विचारलं, याचा लाईटाशी काय संबंध? तर म्हणाला, "नाही, फॉर्ममध्ये भरायला लागतं." तुमच्या फॉर्ममध्ये खरंच असा रकाना असेल तर मला तो पाठवा. नसेल तर त्या माणसाला विचारा.

मग मी ड्रायव्हरचं सांगायला लागले. कॅपॅसिटर फुगलाय म्हटलं. मला मधेच तोडून तो म्हणाला, "ताई, हे जरा टेक्निकल आहे, घरात कोणी पुरुष माणूस असेल तर त्यांना फोन द्या." मी म्हटलं, लाईट मी निवडले, पैसे मी दिले, बिल माझ्या नावावर आहे, माझ्याशीच बोला. तर पुन्हा तेच, "तुम्हाला कळणार नाही, फोन द्या." आमच्या घरचे बाजूलाच होते. त्यांनी फोन घेतला आणि एवढंच म्हणाले, "लाईटाचं तिले विचारा, मले त्यातलं काही ठाऊक नाही," आणि फोन परत माझ्या हातात दिला. त्यानंतर तुमच्या माणसानं जे वाक्य उच्चारलं ते जसंच्या तसं लिहिते: "खेड्यात लाईनच तशी येते हो. एवढे भारी लाईट तुम्ही लावलेच कशाला? साधे बल्ब लावायचे होते. वॉरंटीत हे बसत नाही."

मी विचारलं, हे कुठं लिहिलंय? तर म्हणाला, "लिहिलेलं नसतं, समजून घ्यायचं असतं." आणि फोन ठेवून दिला.

साहेब, घर पक्कं आहे. आणि कुडाचं असतं तरी तुमचा लाईट पेटायलाच हवा होता. कुडाच्या घरातल्या माणसानं दिलेले पैसेही तेवढेच खरे असतात. घर पक्कं की कुडाचं, हे विचारायची हिंमत तुमच्या माणसाला झाली कशी? पुणे-मुंबईचा पत्ता सांगणाऱ्याला तुम्ही हे विचारता का?

लाईन "तशी" येते म्हणजे कशी, तेही बघू. देशात घरगुती विजेचा ठरलेला दाब 230 व्होल्ट. आमच्याकडे संध्याकाळी तो उतरतो, पहाटे चढतो. पुतण्यानं मल्टिमीटर लावून वहीत मांडणी केली आहे, तिचा फोटो जोडला आहे. सर्वांत कमी 190, सर्वांत जास्त 252. तुमच्या खोक्यावर छापलंय: 140 ते 270 व्होल्ट, सर्ज (विजेचा अचानक येणारा झटका) संरक्षण 4 केव्ही. म्हणजे आमची लाईन तुमच्याच छापील हद्दीच्या पूर्ण आत आहे. मग वॉरंटीत काय बसत नाही? मी हे आकडे कालही सांगत होते, त्या माणसानं ऐकून घेतले नाहीत. घर पक्कं आहे का ते मात्र विचारलं.

आणि खेड्यात लाईन वरखाली होते हे तुमच्या कंपनीला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. एवढा रुंद व्होल्टेजचा पट्टा तुम्ही छापता तो कोणासाठी? आमच्यासाठीच ना? दुकानात पोस्टर लावलंय, त्यात शेतातलं घर आणि अंगणात बैलजोडी. विकताना गाव चालतं. बदलून द्यायच्या वेळी गाव नडतं. उन्हाचंही सांगते. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, अकोला-चंद्रपूरचे आकडे दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर येतात. दहा अंश तापमान वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वांना ठाऊक असलेला हिशेब आहे. इथं माल विकायचा तर कॅपॅसिटर त्या तोडीचा घालायला नको का?

एकदा तुम्ही माल बदलून दिलात, हे खरं आहे. त्याचंही ऐका. दुकानदारामार्फत मशीनवरच्या जागी आला तो 6500 केल्विनचा. "सध्या तोच स्टॉकमध्ये आहे, कंपनीनं तोच पाठवला." आता एकाच खोलीत एक लाईट पिवळसर, एक निळा, आणि मी ज्या कारणासाठी जास्त पैसे मोजले तेच गेलं. ओसरीतल्या लाईटाला नुसता ड्रायव्हर पाठवला. त्या ड्रायव्हरवर आर-नंबर नाही. एलईडीचे ड्रायव्हर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, सक्तीच्या नोंदणीत येतात, प्रत्येकावर तो क्रमांक असावा लागतो आणि बीआयएस केअर ॲपवर टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं. मूळ ड्रायव्हरवर आहे, आम्ही तपासला. तुम्ही पाठवलेल्यावर नुसता कोरा पांढरा स्टिकर आहे. तो मी बसवू दिलेला नाही. त्या लाईटाखाली सासूबाई रात्री तांदूळ निवडायला बसतात, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि महिनोन्‌महिने त्या बॅटरीच्या उजेडात बसल्या आहेत.

बाकीचे लाईट नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला स्वतः आणून द्या, असं त्याआधीच्या फोनवर सांगितलं होतं. इथून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर आहे. वॉरंटी कार्डावर "दुकानातून बदल" लिहिलंय. नागपूरचं नाव त्यात कुठंही नाही.

आता मला काय हवं ते लिहिते. बंद पडलेले सगळे पॅनेल त्याच मालिकेतले, त्याच केल्विनचे बदलून द्या. मशीनवरचा 6500 चा परत न्या आणि 4000 चा द्या. आर-नंबर असलेला ड्रायव्हर द्या आणि कोरा का पाठवला ते लेखी कळवा. दोन्ही बल्कहेडचे पैसे परत हवेत, तो माल मला पुन्हा नको. आर 9 चा आकडा कळवा. आणि घर पक्कं की कुडाचं हे विचारल्याबद्दल, बाईला कळणार नाही म्हटल्याबद्दल लेखी माफी. ती त्या माणसाच्या नावानं नको, कंपनीच्या नावानं हवी. त्याला कामावरून काढा असं मी म्हणत नाही. त्याला जे शिकवलं तेच तो बोलला असेल.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला नोंद करेन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यायची मला गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि बिल याच वर्षीचं आहे. कोरा ड्रायव्हर मी जपून ठेवला आहे, तो बीआयएसकडे जाईल. गावात या वर्षी अजून काही घरं बांधून होत आहेत. लाईट कोणते घ्यावे म्हणून बायका मलाच विचारायला येतात, आणि मी त्यांना खोकं दाखवून, मेलेला ड्रायव्हर हातात देऊन जे झालं ते सगळं सांगते आहे. वास्तूच्या दिवशी ज्यांनी छताकडे बघून कौतुक केलं होतं त्यांनाही सांगितलं. तुमच्या नावावर माझा विश्वास होता. माहेरी तुमचीच ट्यूबलाईट वर्षानुवर्षं चालली, म्हणून तर दुकानात दुसरी कंपनी बघितली नाही.

माल घ्यायला माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करा आणि माझ्याशीच बोला. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर या. मधल्या वेळात कापसाची वेचणी सुरू आहे, घराला कुलूप असतं.

आपली ग्राहक,
(सही)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ