परदेशी पाहुणा तांबट आळीपर्यंत का पोहोचत नाही? पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पर्यटनमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात चाकणचे कारखाने पाहायला आलेले परदेशी पाहुणे पुण्याच्या कसबा पेठेत आमच्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीत, येणार होते. सरकारी बैठकीत तसा शब्द मिळाला होता. आम्ही भट्ट्या पेटवल्या, बायकांनी दारात रांगोळ्या काढल्या, वडील मठारकाम (भांड्यावर हातोडीने ठोके देण्याचं काम) दाखवायला सकाळपासून बसून होते. संध्याकाळी निरोप आला: वेळ नाही, पाहुणे हॉटेलवर गेले. हातोड्याच्या ठोक्यांनी वडिलांचे कान कधीच गेलेत. हा निरोप मला त्यांना ओरडून सांगावा लागला.

साहेब, प्रश्न फक्त मानापमानाचा नाही. परदेशी माणूस आळीत येतो, घागर घडताना पाहतो, एखादा तांब्या घेऊन जातो आणि पुढे तिकडून मागणी येते. माझी जी काही थोडीफार निर्यात आहे, ती अशीच सुरू झाली. उलटंही खरं आहे. चाकणला गाड्यांचे कारखाने आले म्हणून जर्मन माणूस पुण्यात दिसू लागला. माल माणसाला आणतो, माणूस मालाला नेतो.

मग धोरण असं का? अमिरातीशी व्यापार करार मे २०२२ पासून लागू, ऑस्ट्रेलियाशी त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून. आणि मार्च २०२३ मध्ये परदेशातली पर्यटन कार्यालयं तुम्ही बंद केलीत! २०१९ साली सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२३ साली ९५ लाखांच्या आसपास. कंटेनरसाठी दार उघडलंत, माणसाला बोलावणं मात्र थांबवलंत.

आता कराचं बघा. मी हंडा जहाजाने पाठवला तर ती निर्यात, जीएसटी शून्य. तोच हंडा परदेशी पाहुण्याने माझ्या दुकानात घेऊन स्वतः विमानातून नेला तर पूर्ण जीएसटी. २०१७ च्या आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) कायद्यात कलम १५ आहे, देश सोडताना पर्यटकाला कर परत देण्याचं. पण ते अजून अमलातच नाही, त्यामुळे आमच्या एकाही गिऱ्हाइकाला तो कर परत मिळालेला नाही. सिंगापूर देतं, थायलंड देतं, दुबई देते. गिऱ्हाईक हे मला तोंडावर ऐकवतं, आणि मान माझी खाली जाते.

विचारायला जावं तर पर्यटन एका खात्याकडे, निर्यात दुसऱ्याकडे, कर तिसऱ्याकडे. प्रत्येक टेबलावर दुसऱ्या टेबलाचं नाव ऐकायला मिळतं. हे राज्य कारागिराच्या नावाने भाषणं करतं आणि त्याला दारात ताटकळत ठेवतं. पेशवाईपासून इथे ठोके पडताहेत. माझा मुलगा आता हिंजवडीत नोकरी शोधतोय, आणि त्याला थांब म्हणायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही.

कलम १५ कधीपासून अमलात येणार, ती तारीख लेखी कळवा. पाहुण्यांच्या दौऱ्यात तांबट आळीची वेळ नक्की करा, आणि दिलेली वेळ पाळा.

आपला,
एक तांबट, कसबा पेठ, पुणे