माई, पहिले पाच सावकाश

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू रडलीस तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून आज लिहायला बसले. रात्रीची लाइन आहे, बाबा ओलिताला गेलेत. घर शांत आहे.

हाफ मॅरेथॉनचे 21.1 किलोमीटर दोन तासांच्या आत संपवायचे ठरवले होतेस, 2 तास 9 मिनिटं लागली. त्याचं मला काही वाटलं नाही. पण "आता फेब्रुवारीत पावणेदोन तासांतच करून दाखवते" म्हणालीस, ते तेव्हापासून मनात घोळतंय. माई, हे तू रागात ठरवलंस.

मी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. दोन तासांत पोचायचं तर एका किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद मिळतात. पहिले पाच साडेअठ्ठावीस मिनिटांत झाले असते तरी चाललं असतं. तू 25 मिनिटांत केलेस. साडेतीन मिनिटं वाचवली असं तुला वाटलं, पण पुढच्या सोळा किलोमीटरमध्ये ती गेलीच, वर आणखी नऊ गेली. पावणेदोन तासांसाठी तर प्रत्येक किलोमीटर पाच मिनिटांच्या आत हवा, थेट शेवटपर्यंत. म्हणजे ज्या वेगानं पाचच किलोमीटरमध्ये तुझा दम काढला, तोच वेग एकवीस किलोमीटर. तीन महिन्यांत?

इथं कपाशीचा दुसरा वेचा चालू आहे. मी नवी नवरी होऊन आले तेव्हाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सगळ्या बायांच्या पुढं राहायचं म्हणून मी सकाळी दहिवर वाळायच्या आतच तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला, लागले आणि दोन्ही हातांनी ओरबाडत सुटले. दुपारपर्यंत बोंडांची टोकं लागून बोटं सोलली. ओटीत कापसापेक्षा पत्तीच जास्त दिसायची. शेजारच्या तासाला एक म्हातारी मावशी होती. ती एका झाडाला उभी राहिली की त्याचं शेवटचं बोंड काढूनच पुढं सरकायची. माझ्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळी काट्यावर माझा कापूस 32 किलो भरला, तिचा 51. ओला म्हणून माझ्यातला थोडा बाजूला काढला, तो वेगळाच. मी विचारलं तर म्हणाली, "मी किलो नाही मोजत बाई. चहापर्यंत किती तास झाले तेवढं पाहतो."

त्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं बघ. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्यानं 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची शर्यत, 8 मिनिटं 29.80 सेकंदांत धावून 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत 8 मिनिटं 9.91 सेकंद. सहा वर्षांत वीस सेकंदही पूर्ण नाहीत. मधे कितीदा त्यानं स्वतःचाच विक्रम थोडा थोडा खाली आणला. तू नवी आहेस, तुझी मिनिटं त्याच्या सेकंदांपेक्षा लवकर कमी होतील, हे मलाही कळतं. पण तोही एकेक पायरीनंच खाली आला ना?

म्हणून फेब्रुवारीसाठी दोन तासच ठेव. आणि त्या दिवशीचं पहिलं काम एवढंच, की पहिले पाच किलोमीटर साडेअठ्ठावीस मिनिटांच्या आत संपवायचे नाहीत. लोक पुढं जातील, जाऊ दे. ऊन चढलं किंवा पोट बिघडलं तर त्या दिवसापुरता दुसरा आकडा आधीच ठरवून ठेव, म्हणजे ऐनवेळी जीव तोडावा लागणार नाही. उन्हात अंगाची आग शमवायला रक्त कातडीकडं धावतं, मग पायांना कमी पडतं. तुझ्या मेहनतीत खोट असते असं नाही.

तोवर दोन तासांचा विचार रोज करू नकोस. आठवड्यातून चार दिवस पळायचं, त्यातले तीन दिवस शेजारणीशी बोलता येईल इतकं हळू. रविवारचं लांब पळणं थोडं थोडंच वाढवायचं. रात्री दहाला झोपायचं. पाऊस, ऊन, बाकीच्या पोरी हे काही आपल्या हातात नाही, पण झोप आहे. माझ्या मते तुझं खरं ध्येय हेच असायला हवं, आणि ते वहीत लिहून ठेव. मोबाइलमध्ये नको, तिथं दुसऱ्यांचे आकडे दिसतात.

आणखी एक, हे वाचून लाजू नकोस. दोन महिने पाळी आली नाही म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. पळणाऱ्या मुली कमी जेवल्या की असं होऊ शकतं. वजन कमी केलं की वेग वाढतो असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाक. या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना दाखव आणि हिमोग्लोबिन तपासून घे. पैशाची काळजी करू नकोस, पहिल्या वेच्याचे आलेत.

शेंगदाण्याचे लाडू आणि जवसाची चटणी शुक्रवारी शेजारचे काका येतील त्यांच्यासोबत पाठवते. लाडू पळून आल्यावर खायचे, मैत्रिणींना वाटून संपवायचे नाहीत, यावेळी वेगळा डबा त्यांच्यासाठी दिलाय. रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो पाठव.

तुझी,
आई