मंजे, ओमच्या नासाचं काय करायचं

प्रिय मंजे,

शाळेच्या नासा ट्रिपसाठी तुझ्या ओमची निवड झालीय, पाठवू का, असं विचारणारा तुझा तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल रात्री भांडी घासता घासता ऐकला, मग परत एकदा ऐकला कारण मधे कुकरच्या शिट्टीत तू काय बोललीस तेच कळलं नव्हतं. उत्तर बोलूनच पाठवणार होते, पण आपण बोलायला लागलो की विषय कुठल्या कुठे जातो, म्हणून टाइप करत बसलेय. आज चौथा शनिवार, बँकेला सुट्टी, समीर गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेलाय आणि जुई क्लासला. तेव्हा चहा करून घे आणि मग वाच.

आधी ते "निवड झाली" डोक्यातून काढून टाक बाई. जुई आठवीत असताना आमच्याकडेही अस्संच पत्र आलं होतं, जाड गुळगुळीत कागद, वर रॉकेट, आत लिहिलेलं की आपल्या पाल्याची नासा शैक्षणिक दौऱ्यासाठी निवड झाली आहे. सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं, साखर ठेवली. मी पण फुगले होते, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर बघते तर वर्गातल्या सगळ्यांची निवड! ज्या पोराला सायन्समध्ये अकरा मार्क होते तोही निवडलेला. अगं ही ट्रिप नासा काढत नाही, ट्रॅव्हल कंपनी काढते आणि शाळा आपला हॉल देते. पोरं जातात ते फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरच्या व्हिजिटर कॉम्प्लेक्समध्ये, आणि तिथे तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं, आपण राणीच्या बागेत जातो तसं.

आता असं वाटून घेऊ नकोस की मी नाहीच म्हणतेय. आम्ही पाठवली ना जुईला. साडेतीन लाख आणि वर शॉपिंगला दिलेले डॉलर वेगळे. समीर नको म्हणत होता, मी मुदत ठेव मोडली, बारावीनंतरच्या फीसाठी ठेवलेली. का मोडली ते सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. हॉलमध्ये तो कोटातला माणूस व्हिडिओ दाखवत होता, शेवटी म्हणाला आज बुकिंग केलंत तर वीस हजार कमी, आणि माझ्या शेजारच्या बाईने पर्स उघडली. बस. तिने पर्स उघडली म्हणून मी उघडली. दिवसभर काउंटरवर बसून लोकांना "काका, सही करायच्या आधी वाचा" सांगणारी मी, न वाचता सही करून मोकळी.

नंतर घरी येऊन कागद नीट वाचले. दहा दिवसांत न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, ऑर्लँडो, तिथे दोन दिवस थीम पार्क, आणि ज्याच्या नावाने सगळं विकलं ती नासा दीड दिवस. वॉशिंग्टनचं ते विमानांचं म्युझियम, राइट बंधूंचं खरं विमान आहे ते, तिथे तिकिटाचे पैसेच नसतात, सगळ्यांना फुकट. ब्रोशरमध्ये मात्र त्यावर अख्खं एक पान होतं. ओमच्या ब्रोशरमध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिलचा स्पेस कॅम्प आहे का बघ. तो वेगळा प्रकार आहे, १९८२ पासून चालतो, पोरं तिथेच राहतात, खोट्या यानात बसून मिशन चालवतात, म्हणजे हाताने काहीतरी करतात. तो असेल तर मी जरा वेगळा विचार करेन. नसेल तर ही आपली परदेशवारीच आहे, नाव शैक्षणिक.

जुई परत आली तेव्हा एअरपोर्टवर पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आई, तिथे रस्त्याकडेच्या चरात मगरी असतात!" तो सगळा भाग अभयारण्य आहे म्हणे, बसमधून लाँचपॅड बघायला नेतात तेव्हा मगरी दिसतात. साडेतीन लाखांच्या मगरी असं समीर अजून चिडवतो तिला. मग सॅटर्न फाइव्ह रॉकेट आडवं ठेवलंय त्याच्या खालून चालत गेलो, ३६३ फूट आहे, संपतच नाही, असं सांगितलं. बाकी सगळं चॉकलेटं आणि कोण कुणाशी बोलत नाही.

पण मंजे, दोन-अडीच महिन्यांनी एका रात्री लाइट गेले होते, आम्ही दोघी गॅलरीत बसलेलो, आणि ती आपणहून बोलायला लागली. तिथे अटलांटिस यान ठेवलंय, तिरकं, पोटाची दारं उघडी, अवकाशात असल्यासारखं. त्याच इमारतीत खाली अपघातात गेलेल्या चॅलेंजर आणि कोलंबिया यानांतल्या माणसांच्या आठवणीची जागा आहे. प्रत्येकाच्या वस्तू, आणि शेवटी कोलंबियाच्या कॉकपिटच्या खिडक्यांच्या चौकटी, खरोखरच्या, पडलेल्या तुकड्यांतून गोळा केलेल्या. कल्पना चावलाचा धडा पाठ करून भाषण केलेली पोरगी ती, तिला २००३, १ फेब्रुवारी सगळं तोंडपाठ. म्हणाली, "आई, धड्यात ती वारली एवढंच होतं. इथे चौकट होती." मी काही बोलले नाही. पुढे म्हणाली, मला अजून पाच मिनिटं उभं राहायचं होतं पण मॅडम ओरडायला लागल्या, बस निघाली म्हणून. गिफ्ट शॉपला दीड तास होता, तिथे नाही कुणी ओरडलं.

म्हणजे काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही. मिळतं, पण ते ब्रोशरमध्ये नसतं आणि कशातून मिळेल ते आधी कळत नाही. आणि बाकी जे तिला मिळालं ना, म्हणजे स्वतःची बॅग स्वतः आवरणं, हॉटेलच्या बाथरूममध्ये कपडे धुणं, ताप आला तर घाबरून न जाता मॅडमना जाऊन सांगणं (तिसऱ्या दिवशी १०२ ताप, मला कळलं पाचव्या दिवशी, तेही दुसऱ्या मुलीच्या आईकडून, तेव्हा मी काय काय शिव्या घातल्या ते विचारू नकोस), हे सगळं तर ती तुझ्याकडे कराडला महिनाभर राहिली असती तरी शिकली असती.

आता फ्लेक्सचं सांगते, ते मी फोनवर कधी बोलले नाही.

पोरं परत यायच्या आधीच शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागला. नासा भेटीबद्दल हार्दिक अभिनंदन, बेचाळीस फोटो, मधे रॉकेट, कोपऱ्यात संस्थेचे अध्यक्ष. जुईची पहिलीपासूनची मैत्रीण, नाव नाही सांगत, वडिलांची रिक्षा आहे, पोरगी गणितात जुईच्या चार पावलं पुढे. ती गेली नव्हती. मी एकदा जुईचा राहिलेला डबा आणायला गेले तर ही नेमकी त्या फ्लेक्सखाली व्हॅनची वाट बघत उभी, पाठ गेटकडे करून. "काकू, जुई कधी येणार?" एवढंच विचारलं. जुई आल्यावर महिनाभर तरी दोघींचं काही जमेना, वर्गात नासावाली आणि बाकीची असे दोन भागच पडले होते. आता परत जमलंय, पण ते पोरींनी जमवलं, आपण मोठ्यांनी नाही.

आणि तू पाटल्या ठेवू का म्हणालीस, ते ऐकून मी नळ बंद करून उभीच राहिले.

मंजे, मी गेली सहा वर्षं सोनेतारणच्या टेबलावर बसते. व्हॅल्युअर कसोटीवर घासतो, काट्यावर ठेवतो, मी वजन लिहिते, पिशवीला सील मारते. दवाखान्यासाठी, बियाणं-खतासाठी, लग्नासाठी येतात लोक, आणि हल्ली जानेवारीत दोन-तीन तरी बायका येतात, मुलांच्या परदेश ट्रिपसाठी म्हणून. आमच्याकडे वर्षाच्या आत मुद्दल-व्याज एकरकमी भरून सोडवायचं. वर्ष झाल्यावर बरेच जण व्याज भरून परत नवं करतात, परत वर्षाने तेच. मागच्या वर्षी अशाच एकीचा दागिना लिलावाच्या यादीत आला, मी स्वतः फोन लावला तिला. ट्रिपचा मुलगा तोवर दहावी होऊन गेला होता. तुझ्या आईच्या पाटल्या मी बघितल्यात, काकू दिवाळीला घालायच्या त्या, उजवीची एक जरा चेपलेली. त्या पाटल्या काट्यावर ठेवायच्या नाहीत. भाऊजींच्या दुकानात वर्ष चांगलं गेलं आणि हातात मोकळे पैसे असले तर खुशाल पाठव, मी स्वतः ओमची बॅग भरायला येते. पण उसने नाही, तारण नाही.

आणि अजून एक बोलू? रागावू नकोस. मला माहितीय तुझ्या डोक्यात कुठली सहल आहे. १९९४, सातवी, रायगड-प्रतापगड, एसटीची गाडी, एकशेदहा रुपये. तात्यांनी नाही म्हटलं आणि तू पोट दुखतंय असं बाईंना सांगितलंस. मी परत येऊन तुला म्हटलं की काय नव्हतं गं, नुसत्या पायऱ्या, रोपवे तर तेव्हा नव्हताच, पाय दुखून आले, जेवण बेचव. तू ऐकून घेतलंस आणि तुला कळलं होतं मी खोटं बोलतेय. मला अजून तुझं ते तोंड आठवतं. पण ते तुझं आहे मंजे, ओमचं नाही. ओमला एकदा समोर बसवून नुसतं विचार, पैसे किती ते खरं सांगून विचार. आकडा मुलांपासून लपवायचा नाही असं मला आता वाटतं, जुईला मी सांगितला नव्हता आणि नंतर तिला दुसरीकडून कळला तेव्हा ती माझ्यावरच चिडली, म्हणाली मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं का देव जाणे.

ओमला आकाशातलंच वेड असेल तर इकडेही काय काय आहे बघ. इस्रोचा युविका कार्यक्रम, २०१९ ला सुरू झाला, नववीच्या मुलांसाठी, उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे, राहणं खाणं प्रवास सगळा खर्च इस्रोचा. निवड होते ती खरी निवड, आठवीचे मार्क, ऑनलाइन क्विझ, विज्ञान प्रदर्शन असलं सगळं बघतात, गावाकडच्या शाळांना जास्तीचे गुण असतात. ओम पुढच्या वर्षी नववीत, म्हणजे बरोब्बर. आणि पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आपल्या शाळांतली पंचवीस मुलं आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन निवडली आणि स्वतःच्या खर्चाने नासाला नेली, तेही वाचलं असशील. तसं आपल्या जिल्ह्यात कुणी काढलं तर किती बरं होईल.

आम्ही यंदा २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला गेलो होतो, त्या दिवशी जीएमआरटी ही तिथली रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला उघडी असते. तीस अँटेना, एकेक पंचेचाळीस मीटरची, आणि पत्रा नाही गं, नुसती तारांची जाळी, आरपार आकाश दिसतं. जुईने तिथल्या एका संशोधकाला विचारलं, एवढी भोकं असून चालतं कसं, तर तो म्हणाला आम्ही ज्या लहरी पकडतो त्या एवढ्या लांब असतात की त्यांना ही भोकं कळतच नाहीत, आणि वारा मात्र निघून जातो म्हणून एवढं मोठं तबक हलकं ठेवता आलं. हे ती दुर्बीण उभारणाऱ्या शास्त्रज्ञाचं, गोविंद स्वरूपांचं डोकं. जुई अर्धा तास त्याच्याशी बोलत उभी, आम्ही आपले उन्हात टोप्या सांभाळत. इथे बस निघाली म्हणून कोणी ओरडलं नाही. येताना मिसळ खाल्ली, सगळा खर्च पेट्रोल धरून अडीच हजार.

आणि समजा पाठवायचं ठरलंच, तर सर्टिफिकेटचा काही उपयोग होईल ही आशा ठेवू नकोस. अकरावीला दहावीचे मार्क बघतात, इंजिनिअरिंगला सीईटी नाहीतर जेईई, ते सर्टिफिकेट जुईच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, शेजारी तिचा स्केटिंगचा कप. व्हिसाचे १८५ डॉलर नकार आला तरी परत मिळत नाहीत. आमच्या ग्रुपमध्ये एकाला नकार आला, ट्रिपच्या पैशातले निम्मेसुद्धा परत आले नाहीत, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. टीसीएस, म्हणजे ट्रिपच्या पैशांबरोबर आधीच घेतात तो आयकर, कापतील तो भाऊजींच्या पॅनवरच कापलाय ना बघ, रिटर्न भरताना धरता येतो. बरोबर किती शिक्षक आणि ते फुकट जातायत का हेही विचार, आमचे तिघं फुकट गेले होते, मग ते ट्रिप चांगलीच आहे म्हणणार ना. रात्री मुलांच्या मजल्यावर कोण झोपणार, आजारी पडलं तर घरी फोन कोण आणि कधी करणार, हे कागदावर घे.

सोमवारी शाळेत मीटिंग आहे म्हणालीस ना, तिथे चेक घेऊनच जाऊ नकोस, पर्सच घरी ठेव. पैसे परत मिळण्याच्या अटींचं पान माग, फोटो काढून मला पाठव, मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचून सांगते. आणि ओमला काय वाटतं ते त्यालाच मला फोन करून सांगायला सांग, तू शेजारी उभी राहू नकोस.

काकूंना नमस्कार. मेतकूट संपलंय, कुणी इकडे येणार असेल तर पाठव.

तुझीच,
शुभा