गार्ड काका, हे थँक्यू सगळ्यांसमोर

काका, सलाम.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "हॅलो, हॅलो, आवाज कटतोय" म्हणून फोन ठेवून देता आणि दोन मिनिटांनी तुम्हीच परत फोन करून विचारता की यंदा बामणोदची वांगी मिळाली का, भरीत झालं का. म्हणून इथं लिहितेय. नातवाला सांगा मोठ्यानं वाचून दाखव म्हणावं, आणि मधलं काही गाळायचं नाही.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांना थोडं सांगते. मालगाडीचे गार्ड, सगळी नोकरी भुसावळला, मूळ गाव धुळ्याकडचं, घरात अहिराणी. रेल्वेनं २०२२ मध्ये गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं तेव्हा काका कधीचे रिटायर झालेले, तरी रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात उभं राहून पेढे वाटले, "पेन्शनीत बसल्या बसल्या मॅनेजर झालो, ह्याला म्हणतात कृपा, काही न करता मिळते ती." पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, बाहेरगावी असले की संदेश द्यायला काका उभे राहायचे, आणि त्या दिवशी मागच्या बाकावरची पोरं पुढं येऊन बसायची. एकदा एक आजोबा संदेश चालू असताना चक्क घोरायला लागले, सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, तर काका म्हणे झोपू द्या हो, बायबलात पौल प्रेषित बोलत होता तेव्हा युतुख नावाचा पोरगा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून झोपला आणि खाली पडला, आपलं चर्च तळमजल्यावर आहे, काळजी नाही. आजोबा उठले आणि स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले.

काका, मला तुमचं बोलणं पहिल्यांदा खरं लागलं ते ब्रेक व्हॅनच्या गोष्टीत. पुढं ५८ वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, सगळ्यात मागं गार्डचा डबा, त्यात ना पंखा ना काही, मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर आणि लोखंड असं तापलेलं की पाठ टेकायची सोय नाही, इंजिन तर दिसतच नाही, मोठं वळण आलं तर काय ते दिसणार, आणि मधेच कुठंतरी लूप लाईनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, गाडी तासन् तास उभी, का उभी ते कोणी सांगत नाही, बाजूनं एक्स्प्रेस धडाधड निघून जातायत. एवढं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मी हिरवी झेंडी दाखवली की गाडी सुटायची, त्यामुळं नोकरीची पहिली बरीच वर्षं मला वाटायचं गाडी मीच चालवतो." लोक हसले. हसणं थांबेपर्यंत तुम्ही चष्मा पुसत राहिलात आणि म्हणालात, "आपल्या प्रार्थना पण थोड्या अशाच असतात बरं का भो." आणि बसले की खाली! ना वचन समजावलं ना तीन मुद्दे काढले. मी घरी येऊन भांडी घासताना ते डोक्यात फिरायला लागलं आणि मग बरेच दिवस फिरत राहिलं, कारण तेव्हा माझ्या प्रार्थना म्हणजे देवाला दिलेलं टाइमटेबलच होतं.

त्यानंतर मी शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, नव्यानं वाचायला लागले तर लक्षात आलं की ही काही काकांची स्वतःची पद्धत नाही, उचललेली आहे, आणि कुठून उचललीय तेही कळलं. मार्कनं लिहिलंय की येशू लोकांशी दृष्टांताशिवाय, म्हणजे शिकवणीच्या छोट्या गोष्टीशिवाय, बोलतच नसे. आणि दृष्टांतात काय असतं, पीठ, खमीर, पेरणी, मेंढरं, सावकार, लग्नाचं जेवण. डोळ्यात मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस नुसता डोळ्यासमोर आणा ना, हा सुताराच्या दुकानात वाढलेल्या माणसाचा जोक आहे. चिलट गाळून काढायचं आणि उंट अख्खा गिळायचा, हाही. आपण तो इतका गंभीर चेहरा करून वाचतो की बिचारा उंट पण ओशाळत असेल.

काकांनी तेच आमच्या गल्लीत आणलं. लूकच्या अकराव्या अध्यायातला तो मध्यरात्रीचा मित्र घ्या, पाहुणा आलाय, घरात वाढायला काही नाही, म्हणून शेजाऱ्याचं दार वाजवून तीन भाकरी मागतोय. काकांच्या गोष्टीत पाहुणा लेट झालेल्या पॅसेंजरनं उतरून आला, उन्हाळा असल्यामुळं शेजारी सगळं खटलं घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपलेला, खाली यायचं तर बायको, चार पोरं, आजी आणि पाण्याचा माठ ओलांडून यायचं, आणि खालून हा हाका मारतोय, "भाऊ, कळण्याच्या भाकरी शे का?" शेजारी आधी झोपल्याचं सोंग करतो, मग पोरगं उठतं, मग आजी खोकते, मग समोरच्या धाब्यावरचे उठून विचारतात काय झालं, आणि शेवटी भाकरी मिळतात त्या मैत्रीमुळं नाही, आता झोपू दे बाबा म्हणून. येशूनं अगदी हेच म्हटलंय, मित्र म्हणून नाही तरी त्याच्या आग्रहामुळं उठेल. आमच्या मम्मीनं त्या रात्री बंद पडलेली प्रार्थना परत चालू केली, म्हणे मी आता आजी खोकेपर्यंत हाका मारणार.

आणि केळीवाली गोष्ट, येशूच्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दृष्टांतावरची. ती तुम्ही सावद्याला कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरच्या प्रार्थनासभेत, सांगितली होती, समोर बसलेल्यांमधले निम्मे लोक केळी कटाईला जाणारे. मालक पहाटे चौकात जाऊन मजूर आणतो, रोज ठरतो, मग नऊ वाजता अजून आणतो, बाराला, तीनला, आणि पार पाच वाजता जे अजून रिकामे उभे आहेत त्यांना पण म्हणतो चला. घड वाहून वाहून पहाटेच्या लोकांचे खांदे सोलून निघालेत, अंगावर केळीच्या चिकाचे डाग, आणि पाचवाले येतात ते इस्त्रीच्या शर्टात. संध्याकाळी मुकडदम पैसे वाटतो तर पाचवाल्यांना पूर्ण रोज! आणि पहाटवाल्यांना पण तेवढाच. समोर बसलेली एक बाई ताडकन उठली, "हा अन्याय आहे भाऊ, कोणता मालक आहे हा, नाव सांगा." सगळा मांडव हसला. तुम्ही तिला हात जोडले आणि विचारलं, "ताई, तुम्ही पहाटेवाल्यातल्या आहात हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ती बाई खाली बसली. मी पण मनातल्या मनात खाली बसले, कारण माझे आईवडील ख्रिस्ती, आजोबा ख्रिस्ती, मी जन्मापासून पहाटेवाली असं मी धरूनच चालले होते.

पण काका, मी हे पत्र लिहितेय ते ह्या सगळ्या गोष्टींसाठी नाही. पप्पा गेले तेव्हाच्या त्या दुपारसाठी लिहितेय.

घरात माणसं येत होती, जात होती, प्रत्येक जण काहीतरी वचन सांगत होता, देवाची इच्छा, देवाची योजना, तो चांगल्या ठिकाणी आहे. चुकीचं कोणीच बोलत नव्हतं, पण मम्मी भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि माझ्या कानात नुसता आवाज. तुम्ही आलात, चप्पल काढली, सतरंजीवर बसलात, चहा घेतला, बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग एकदम मम्मीला म्हणालात, "वहिनी, ते बटणाचं आठवतं का?" पप्पा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, खजिनदार होते आणि दानाच्या थैलीत कोणीतरी शर्टाचं बटण टाकलं होतं, आणि पप्पांनी, ज्यांना आम्ही घरात कधी जोक करताना पाहिलं नाही त्या पप्पांनी, पुढच्या रविवारी सूचना वाचताना अगदी सरळ आवाजात वाचलं होतं की ज्या बंधूंनी बटण अर्पण केलं त्यांनी शर्टही द्यावा, म्हणजे मंडळीला त्याचा उपयोग होईल. मला हे माहीतच नव्हतं! मम्मी हसली, पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता रडायला लागली, आणि ते रडणं सकाळपासून अडकलेलं होतं. तुम्ही पण रडलात. निघताना दारात म्हणालात की मेलेला मित्र लाजर दोन मिनिटांत जिवंत होऊन उठणार हे माहीत असून येशू रडला, तर आपल्याला तर रडायची पूर्ण परवानगी आहे. एवढंच. नंतर कित्येक लोकांनी मला सांत्वन कसं करावं ते सांगितलंय, पण मी कुणाच्या घरी जाते तेव्हा बटण शोधते.

मग तुम्हीच मला संडे स्कूलला उभं केलं. मी म्हटलं मला गोष्टी येत नाहीत, तर तुम्ही विचारलं सकाळपासून काय काय झालं सांग, आणि मी दूधवाल्याशी झालेलं भांडण सांगितलं, तर म्हणालात झाली की गोष्ट. तुमच्याकडून जे शिकले ते मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नसतं. हसायचं ते स्वतःवर. गरिबावर नाही, कुणाच्या बोलीवर नाही, बायकोवर तर अजिबात नाही (हे वाचणाऱ्या काही वक्त्यांनी लक्षात घ्यावं, व्हॉट्सअॅपवरचे बायकोचे जोक पुलपिटवरून ऐकून आम्हाला आता जांभया येतात). गोष्टीत आपण नेहमी चुकणारा माणूस व्हायचं, हुशार माणूस दुसऱ्या कुणाला करायचं. आणि गोष्ट संपली की गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड, अजून जमत नाही, तोंडातून "म्हणजे मुलांनो" निघतंच.

तुम्हाला बोलणारे पण होते, मला माहितीये. देवाचं घर आहे, तमाशाचा फड नाही, असं एकांनी तुमच्या तोंडावर म्हटलेलं मी ऐकलंय. तुम्ही भांडला नाहीत. पुढच्या वेळी उभं राहून तुम्ही टिळकांचं सांगितलं, की नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले तरी ओवी सोडली नाही, अभंग सोडला नाही, आपल्या लोकांना आपल्या चालीत सांगितलं, आणि ज्यांनी कधी कीर्तन ऐकलंय त्यांना माहीत आहे की उत्तररंगात, म्हणजे गोष्टीच्या भागात, बुवा हसवतात तेव्हा लोक उठून जात नाहीत, सरसावून बसतात. आणि मग लगेच उधळ्या पुत्राची गोष्ट लावली, अहिराणीत. डुकरांजवळ बसलेलं पोरगं म्हणतंय, "मना बापना घरना गडीस्ले पोटभर भाकरी भेटस, आन् मी आठे भुक्या मरी ऱ्हायनू." आणि मग बाप लांबून बघतो आणि पळत सुटतो. तुम्ही थांबलात. "खान्देशात म्हातारा माणूस धोतर सावरत कधी पळतो? एक तर बैल सुटला तर, नाहीतर एसटी सुटली तर. पोरासाठी पळताना कोणी पाहिलाय का म्हातारा?" हसणं मध्येच तुटलं, माझ्या पुढच्या बाकावर एक काका रुमाल शोधत होते, ज्यांचा मुलगा सुरतला निघून गेलाय आणि घरी बोलत नाही. तमाशा म्हणणारे पण रुमाल शोधत होते, मी बघितलं, पण नाव सांगणार नाही.

तुम्ही नाशिकला मुलाकडे गेलात ते बरंच झालं, गुडघे आता जिने चढू देत नाहीत. इकडं सगळं चालूच आहे. नाताळात पोरांनी नाटक केलं त्यात जन्म तर होताच, पण मागाहून बायबलातल्या रोदा नावाच्या दासीचा प्रवेश पण घातला, येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून दारात उभा, रोदा आनंदानं दार न उघडताच आत पळते, आणि आत जे पेत्र सुटावा म्हणून प्रार्थना करतायत तेच तिला म्हणतात तुला वेड लागलंय. पेत्र झालेला पोरगा एवढा वेळ दार वाजवत राहिला की प्रेक्षकांतून शेजारच्या खालाजान ओरडल्या, "अरे कोई तो खोलो!" तुम्ही हवे होतात.

आणि एक काम आहे, म्हणून पण लिहितेय. मागच्या रविवारी मी पोरांना तुमची केळीवाली गोष्ट सांगितली, तुमच्यासारखीच, आणि ह्या वेळी खरंच गप्प बसले. तर दुसरीतली एक पोरगी हात वर करून म्हणते, टीचर, तो पाच वाजता आलेला माणूस दुसऱ्या दिवशी किती वाजता आला?

मला उत्तर आलं नाही. पोरांनी आपसात मतदान घेतलं, निम्मे म्हणतात परत पाचलाच आला असणार, पैसे तेवढेच तर कोण लवकर उठेल, आणि निम्मे म्हणतात पहाटे सगळ्यांच्या आधी चौकात उभा असेल. भांडणं लागलीयत. मी सांगितलंय की गार्ड काकांना विचारून सांगते. तेव्हा रविवारच्या आत फोन करा, आणि आवाज कटतोय म्हणून ठेवू नका.

तुमची,
खजिनदारांची मुलगी, भुसावळ