रमाबाईंची श्रद्धा त्यांच्या कामात शोधा

पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनानिमित्त (५ एप्रिल) रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे. मात्र त्याचा निम्मा भाग १८८३ मधील धर्मांतराच्या जुन्या वादावरच खर्ची पडला, हे खटकले. त्या ख्रिस्ती का झाल्या यावर आपण शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घालत आलो. ख्रिस्ती म्हणून त्या जगल्या कशा, हे त्याहून महत्त्वाचे नाही का?

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर असताना सरकारी रुग्णालयात आणि प्लेगच्या विलगीकरण छावणीत स्त्रियांचे होणारे हाल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघड केले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते आरोप फेटाळले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून बाई गप्प बसल्या नाहीत. त्याच सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना त्यांनी आसरा दिला आणि पुण्याजवळच्या केडगावला ‘मुक्ती’ हे निराधार स्त्रियांचे आश्रयस्थान उभे राहिले. तिथे नुसते अन्नछत्र नव्हते. शेती, विणकाम, दुग्धालय, छापखाना अशी कामे बायकाच करत. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या छपाईचे खिळे जुळवणारे हातही याच स्त्रियांचे होते. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोयही तिथे झाली.

हे काम त्यांच्या श्रद्धेपासून वेगळे काढता येत नाही. पुढील लेखात केडगावच्या या कामाला सविस्तर जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे