पांढरीवर ट्रॉली लागण्याआधी

महोदय,

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी ३१ वर्षं गेली. सोलापूर जिल्ह्यात साखळी ओढत फिरताना ‘बेचिराग’, म्हणजे ओस पडलेलं, अशा शेऱ्याची गावं पुष्कळ पाहिली. कागदावर नाव, शिवार सगळं. जागेवर फक्त पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचं टेकाड.

गेल्या वर्षी इंग्लंडात मुलाकडे गेलो, तेव्हा त्याने नॉर्थॅम्प्टनशायरमधला किर्बी हॉल दाखवला. १५७० मध्ये बांधायला घेतलेली हवेली, आता बरीचशी बिनछपराची. लोक दगडी नक्षीचे फोटो काढत होते, माझी नजर शेजारच्या कुरणावर. उन्हं तिरपी झाली आणि सपाट वाटणारं गवत बोलू लागलं. चौकोनी उंचवटा म्हणजे घराचं जोतं, मधली खोलगट पट्टी म्हणजे आपली पाणंदच. मध्ययुगातलं किर्बी गाव! हवेली नि बाग राहिली, गाव उठलं. मुलगा म्हणाला, “बाबा, इथंही मोजणी?” पण तिकडे १९७९ च्या कायद्याने यादीत घेतलेल्या जागेवर परवानगीशिवाय फावडं मारता येत नाही, मग भिंत उभी असो की नुसता उंचवटा.

माझ्या आजोळचं टेकाड लहानपणी दोन पुरुष उंच होतं. पहिला पाऊस झाला की आम्ही पोरं खापरं आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वेचायचो. माळवदावर टाकायला चार टोपल्या पांढरी नेली तर काही बिघडत नसे. माळवदं जाऊन स्लॅब आले, आता पांढरी ट्रॉलीने शेतात जाते. या उन्हाळ्यात टेकाड कमरेएवढं उरलेलं दिसलं. कापलेल्या कडेला राखेचा पट्टा, त्याखाली चुलीची भाजलेली लाल माती, खाली पुन्हा पांढरी. ट्रॉली भरणाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “काका, यानं ज्वारी लई जोरात येती.” खोटं नव्हतं त्याचं. पण अशाच पांढरीतून काय निघतं, ते धाराशिव जिल्ह्यात तेरला, जुन्या वस्तूंच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन पाहावं.

उत्खनन करा, असं मी म्हणत नाही. पैसा आणि माणसं कुठून येणार? पण गावठाणं ड्रोनने मोजलीच ना? तोच ड्रोन सकाळी सातच्या तिरप्या उन्हात बेचिराग गावांवरून एकदा फिरवावा आणि पांढरीची हद्द नकाशावर आखावी. ज्वारी निघाली की मार्च-एप्रिलात रानं मोकळी असतात. ट्रॉल्याही तेव्हाच लागतात.

– एक निवृत्त भूकरमापक, सोलापूर