मंगळवारी फोन का लागत नाही

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी आईने फोनवर विचारलं, "मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी तुझा फोन का गं लागत नाही?" मी "क्लास असतो" असं सांगून मोकळी झाले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आईला थाप मारायची म्हणजे कमालच. क्लास-बिस काही नाही. मी पूल खेळायला जाते, म्हणजे टेबलावरचे बॉल लांब काठीने मारून पॉकेटांत, टेबलाच्या भोकांत, पाडायचा खेळ. दीड वर्ष होत आलं.

पत्र आई मोठ्याने वाचत असणार आणि इथे पोचताच बाबा चष्मा काढून बाजूला ठेवणार, हे मला इथून दिसतंय. बाबा, आधी पुरतं ऐका. दादा कॉलेजात असताना तुम्ही त्याला असल्याच एका हॉलमधून दंडाला धरून घरी आणलं होतं. मी दाराआडून बघत होते. धूर, पैजा आणि रिकामटेकडी टोळकी, याखेरीज तिथे काही नसतं, असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. त्यानंतर आपल्या घरात त्या खेळाचं नावही निघालं नाही.

गंमत म्हणजे निदान नावापुरता तरी तुमचा राग रास्त होता. 'पूल' म्हणजे सगळ्यांनी मिळून पैजेवर लावलेल्या पैशांची रास. १९व्या शतकात अमेरिकेत पूलरूम म्हणजे घोड्यांवर पैसे लावायची जागा. एक शर्यत संपली की दुसरीची खबर येईपर्यंत गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून तिथे टेबलं टाकलेली असत. पुढे त्या जागेचं नाव खेळालाच चिकटलं, आणि नावाबरोबर बदनामीही. खेळ बिचारा वेळ घालवायला ठेवलेला होता.

आणि मला वाटतं, या खेळाकडे माणसं अशीच येतात. वाट दुसऱ्याच कशाची तरी बघत असतात आणि समोर टेबल असतं. पूलचाच भाऊबंद असलेल्या स्नूकरचा जन्मही तसलाच. १८७५ साल, जबलपूर, धो धो पाऊस आणि मेसमध्ये अडकून पडलेले ब्रिटिश अधिकारी. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने चालू खेळात आणखी रंगीत बॉल टाकून पाहिले. कुणाचा तरी सोपा बॉल हुकला, तेव्हा त्याला 'स्नूकर' म्हणून चिडवलं. लष्करी शाळेतल्या अगदी नव्या पोरांना त्या वेळी तसं म्हणत. तो टोमणाच खेळाचं नाव होऊन बसला.

मी वाट बघत होते एका मैत्रिणीची. तिची मीटिंग लांबली होती. खाली तिघं जण पूल खेळत होते, त्यांना चौथा गडी हवा होता. मी म्हटलं, मला येत नाही. "आम्हाला तरी कुठे येतं?" म्हणाले आणि माझ्या हातात क्यू, म्हणजे ती काठी, दिला. पहिल्याच फटक्याला क्यूचं टोक सटकलं, पांढरा बॉल टेबलावरून उडाला आणि पार भिंतीपर्यंत घरंगळत गेला. सगळे हसले, मीही हसले. तिसऱ्या की चौथ्या वेळेला एक पिवळा बॉल मधल्या पॉकेटात पडला. खरं सांगायचं तर माझा नेम भलत्याच बॉलवर होता. पण तो पडतानाचा आवाज ऐकला आणि मैत्रीण येऊन "चल" म्हणाली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "थांब जरा."

आता तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, तुम्ही यात कसे पडलात? एक जण थोरल्या भावाला बोलवायला म्हणून आला आणि तोच राहिला. (बिलियर्ड्स-स्नूकरचा आपला जगज्जेता पंकज अडवाणीही थोरल्या भावाच्या मागे मागेच या खेळात आला.) एक नर्स आहे, ड्यूटी संपली की तडक येते. दिवसभर माणसांशी बोलून कंटाळते, म्हणते, बॉलला काही समजावून सांगावं लागत नाही. ती एकटीच खेळते. तासभर एकच शॉट, पुन्हा पुन्हा.

आई, आता तू म्हणशील, एवढं काय आहे त्यात? मला विचारशील तर, बॉल जागचा हलत नाही, हेच आहे त्यात. क्रिकेटमध्ये बॉल कुणीतरी टाकतो, टेनिसमध्ये कुणीतरी मारतो. चुकलं तर त्याच्या नावावर खपवता येतं. इथे सगळं समोर निवांत मांडलेलं, तुम्ही म्हणाल तेव्हा सुरुवात. तरी हुकतं. आणि हुकलं की गुपचूप खुर्चीवर जाऊन बसायचं. समोरचा खेळतोय तोवर आपण फक्त बघायचं. चांगला गडी असला तर तो सगळं टेबल साफ करेपर्यंत बघायचं. पहिले काही महिने मला ते सहन व्हायचं नाही, पाय हलवत बसायचे. आता बसते नीट.

बाबा, हे पुढचं मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

सुरुवातीला माझा कट, म्हणजे बॉलला बाजूने लागून तो तिरका पाडायचा शॉट, कधीच बसायचा नाही. बॉल पॉकेटाच्या कधी अलीकडे आदळायचा, कधी पलीकडे. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थांनी ते चार-पाच दिवस पाहिलं, मग उठून आले. जो बॉल पाडायचा होता त्याला चिकटवून, पॉकेटाच्या बरोबर उलट बाजूला, त्यांनी आणखी एक बॉल ठेवला. म्हणाले, "पांढरा इथे यायला हवा. आता हा मी उचलतो. उचलल्यावरही तुम्हाला तो दिसला पाहिजे." याला घोस्ट बॉल म्हणतात, असंही त्यांनी सांगितलं.

मला हसूच आलं. हे मी आठव्या वर्षी शिकले होते. कॅरमच्या बोर्डावर तुम्ही सोंगटीला चिकटवून मागे दुसरी सोंगटी ठेवायचात आणि उचलून घ्यायचात. "काय दिसतंय?" "काही नाही." "मग नीट बघ." तो शॉट मी मारला आणि बसला. त्यांना वाटलं, काय शिकवलंय मी! मी त्यांचा आनंद घालवला नाही.

कॅरमची सवय नडतेही. आपला स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड. सोंगटीला समोरासमोर लागला तरी पुढे जातोच. इथे पांढरा बॉल आणि बाकीचे सगळे वजनाला सारखे. त्यामुळे पांढरा गडगडत न जाता नुसता सरकत जाऊन अगदी समोरासमोर लागला, तर आपला सगळा वेग दुसऱ्याला देतो आणि स्वतः जागच्या जागी थांबतो. त्यासाठी जवळून तो मधोमध मारला तरी चालतं. लांबून मारायचा असेल तर मध्याच्या जरा खाली मारावा लागतो, कारण कापडावरून जाता जाता तो गडगडायला लागतो. हा शॉट मला पहिल्यांदा साधला ती शुक्रवारची संध्याकाळ होती. लाल बॉल गेला, आणि तो जिथे होता तिथे पांढरा उभा. जरासुद्धा हलला नाही. मी क्यू तसाच धरून वाकलेलीच राहिले. त्या क्षणी तुम्हाला फोन करावासा वाटला होता आणि करता आला नाही. हे पत्र खरं म्हणजे त्या फोनच्या बदल्यात आहे.

समोरासमोर न लागता तिरका लागला, तर तसाच सरकत गेलेला पांढरा बॉल दुसऱ्याच्या वाटेशी बरोबर काटकोन करून निघतो. आणि त्यात फिरकी असेल तर त्याची वाट वाकते. आई, तू वर्गात वाऱ्यांच्या दिशा शिकवताना फळ्यावर कोरिऑलिसचं नाव लिहायचीस ना, त्याच माणसाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलंय. फिरकी घेतलेल्या बॉलची वाकलेली वाट म्हणजे पॅराबोला, हवेत फेकलेल्या चेंडूची असते तशी कमान, हे त्याने गणिताने दाखवलं. वाऱ्यांशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो लेखही त्याच वर्षीचा. तुझ्या धड्यात हे नव्हतं, असायला हवं होतं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी राहिली असती.

पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स यांतला फरक थोडक्यात सांगते, कारण बाबा सगळ्याला एकच शब्द वापरतात. बिलियर्ड्समध्ये बॉल तीनच आणि टेबल १२ बाय ६ फुटांचं. आपल्या विल्सन जोन्सने १९५८ आणि १९६४ साली हौशी जगज्जेतेपद मिळवलं ते यात. स्नूकर त्याच टेबलावर, पण पांढरा धरून २२ बॉल. पूलचं टेबल लहान, बॉल जरा मोठे आणि पॉकेटं ऐसपैस, म्हणून नवी माणसं बहुतेक पूलवरूनच शिरतात. पूल चुका पोटात घालतो. स्नूकर घालत नाही. मी अजून पूलमध्येच आहे, स्नूकरच्या टेबलाजवळ गेले की ते मला मैदानाएवढं वाटतं.

धूर नाही, बाबा. पैजाही नाहीत, हरलेल्याने बॉल पुन्हा मांडायचे, एवढीच शिक्षा. बायका कमी आहेत हे खरं, आणि सुरुवातीला कुणी ना कुणी न विचारता शिकवायला यायचं. आता येत नाहीत.

ज्या गृहस्थांबद्दल लिहिलं ते ७४ वर्षांचे आहेत. त्यांचा डावा हात थरथरतो, बाबांचा उजवा थरथरतो तसाच. मी नीट बघितलंय. ते डावा पंजा कापडावर टेकतात, बोटं पसरतात, अंगठा तर्जनीला लावून वर उचलतात आणि त्या खाचेत क्यू ठेवतात. हात टेकला की थरथर पुष्कळ कमी होते, मग ते दोन-तीनदा क्यू मागे-पुढे करून मारतात. कॅरममध्ये सगळं बोटाच्या टोकावर. तुम्ही बोर्ड माळ्यावर टाकलात ते का, हे मला ठाऊक आहे. इथे हात टेकायला भरपूर जागा आहे.

त्यांच्याच तोंडून १९८५च्या जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्याची गोष्ट मी तीनदा ऐकली आहे. डेनिस टेलर विरुद्ध स्टीव्ह डेव्हिस. डेव्हिस ८-० फ्रेमनी, म्हणजे डावांनी, पुढे होता. सामना १७-१७ वर आला आणि शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर ठरला. तोपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसून होते. काळा टेलरने पाडला. साऱ्या सामन्यात तो पुढे गेला तो त्या एका बॉलवर. पण मला आवडतो तो त्याचा चष्मा. भला मोठा, उलटा घातल्यासारखा दिसणारा. क्यूवर वाकलं की नजर भुवयांखालून वर जाते आणि साध्या चष्म्याच्या काचेवरून निघून जाते, म्हणून त्याने काचा मुद्दाम वर चढवून घेतल्या होत्या.

तर पुढच्या महिन्यात याल तेव्हा मंगळवार मोकळा ठेवा. आईने नुसतं बसलं तरी चालेल, खुर्च्या चांगल्या आहेत. बाबा, तुम्ही मात्र बायफोकल घरी ठेवा आणि तो जुना, मोठ्या काचांचा लांबचा चष्मा घेऊन या. बहुतेक कपाटात वरच्या कप्प्यात आहे, कॅरमच्या पावडरच्या डब्यामागे.

तुमची,
धाकटी